बोटांच्या ठशांची बाजारपेठ : एक शंका

बायोमेट्रिक तंत्रज्ञान विकणाऱ्या लहान कंपन्यांचे गुणगान करणारे लोक एक हिशेब हमखास मांडतात. जगात आठशे कोटी माणसे आहेत. प्रत्येकाला दहा बोटे आणि दोन डोळे आहेत. प्रत्येकाला दिवसातून अनेकदा आपली ओळख पटवून द्यावी लागते. सबब ओळख पटविणाऱ्या यंत्राला अमर्याद बाजारपेठ आहे, आणि हे यंत्र बनविणारी कंपनी आज कितीही लहान असली तरी उद्या मोठी होणारच. हा हिशेब ऐकायला बिनतोड वाटतो. त्यातील गुणाकारही बरोबर आहे. चूक आहे ती मूळ गृहीतकात. बोट असणे आणि ग्राहक असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे या हिशेबात मानलेले असते. वस्तुतः ज्याचे बोट यंत्रावर टेकते तो ते यंत्र विकत घेत नाही. विकत घेतो तो मोबाईलचा कारखानदार, बँक किंवा सरकार. ठसे कोट्यवधींचे असतात, पण खरेदीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

या साध्या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर स्वीडनमधील फिंगरप्रिंट कार्ड्‌स या कंपनीच्या पाव शतकाच्या वाटचालीकडे पाहावे. ही कंपनी लबाड नव्हती. तिचा माल निकृष्ट नव्हता. तिचे तंत्रज्ञान अयशस्वी तर झालेच नाही. ते इतके यशस्वी झाले की आज साधारण किमतीच्या मोबाईलमध्येही ठसा ओळखण्याची सोय असते. तरीही कंपनी मात्र डबघाईला आली. तंत्राचा विजय आणि ते तंत्र घडविणाऱ्याचा पराभव एकाच वेळी कसा होऊ शकतो, हा अर्थशास्त्रदृष्ट्या विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

लहान कंपनी, मोठा योगायोग

फिंगरप्रिंट कार्ड्‌सची स्थापना १९९७ साली गोथेनबर्ग येथे झाली. बोटाच्या कातडीवर उंचवटे आणि खळगे असतात. सिलिकॉनच्या चिमुकल्या पट्टीवर बोट टेकले की उंचवट्याखाली आणि खळग्याखाली विद्युत्-धारकता निरनिराळी भरते. हा सूक्ष्म फरक टिपून ठशाचे चित्र तयार करायचे आणि आधी साठवलेल्या नमुन्याशी ते ताडून पाहायचे, हे या सेन्सरचे काम. कंपनीचा स्वतःचा कारखाना नव्हता. आराखडा तिचा, आणि सिलिकॉनवरील प्रत्यक्ष उत्पादन दुसऱ्यांच्या कारखान्यांत, अशी तिची रीत होती. पहिली पंधरा-सोळा वर्षे तिची उलाढाल किरकोळच राहिली. बाजारपेठ येणार, येणार, असे सांगत दिवस काढणाऱ्या अनेक कंपन्यांपैकी ती एक होती.

तिचे नशीब पालटले ते तिच्या स्वतःच्या कर्तृत्वापेक्षा दुसऱ्याच एका घटनेने. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑथेनटेक नावाची याच धंद्यातील एक कंपनी होती. २०१२ साली अ‍ॅपलने ती सुमारे ३५ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलचा ठसा ओळखणारा आयफोन बाजारात आला. ऑथेनटेकचा माल आता अ‍ॅपलपुरता राहिला. इतर गिऱ्हाइकांना तो मिळेनासा झाला. इकडे प्रत्येक मोबाईल कारखानदाराला मात्र आपल्या फोनमध्येही ठशाची सोय हवीशी वाटू लागली. मोठ्या माशाने एका लहान माशाला गिळले आणि त्यामुळे दुसऱ्या लहान माशाचे फावले. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या ह्वावे कंपनीने आपल्या मेट ७ या फोनमध्ये या स्वीडिश कंपनीचा सेन्सर बसविला. पाठोपाठ इतर चिनी कारखानदार आले, आणि २०१५ साली गुगलच्या नेक्सस फोनांतही तो सेन्सर आला.

यानंतरचे आकडे डोळे दिपविणारे आहेत. २०१४ साली कंपनीची विक्री सुमारे २३ कोटी क्रोनर होती. २०१५ मध्ये ती सुमारे २९० कोटींवर गेली आणि २०१६ मध्ये सुमारे ६६४ कोटींवर. दोन वर्षांत अठ्ठावीस पटींहून अधिक वाढ! २०१५ या एकाच वर्षात तिच्या शेअरचा भाव सुमारे सोळा पट झाला. स्टॉकहोमच्या शेअरबाजारात तिच्याइतके बोलबाला असलेले नाव त्या वर्षी क्वचितच असेल. घरबसल्या शेअर खरेदी करणाऱ्या सामान्य बचतदारांचीही ती लाडकी झाली.

भावाचा हा खेळ किती भुसभुशीत पायावर चालला होता, याची चुणूक मात्र आधीच मिळाली होती. ११ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅमसंग ही कंपनी ६५ कोटी डॉलरना विकत घेणार, असे एक पत्रक प्रसृत झाले. शेअरचा भाव पाहता पाहता सुमारे दीडपट झाला. थोड्याच वेळात ते पत्रक बनावट असल्याचे उघड झाले आणि व्यवहार थांबवावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट फसवणुकीची नाही. ती पोलिसांची बाब. लक्षात घेण्याजोगे हे की, लोकांना ते पत्रक तत्काळ खरे वाटले. का वाटले? कारण ऑथेनटेकचे उदाहरण ताजे होते. अशा कंपनीचा माल किती खपतो याहीपेक्षा तिला कोणी बडी कंपनी गिळते की नाही, यावरच तिची किंमत ठरते, हे बाजार मनोमन जाणून होता. शेअरबाजारातील धोरणी माणूस वस्तूचे मोल करीत नाही, इतर लोक तिचे काय मोल करतील याचा अंदाज करतो, असे केन्सने १९३६ सालीच दाखवून दिले आहे. लहान तंत्रकंपन्यांच्या बाबतीत हे दुपटीने खरे ठरते. कारण त्यांच्याजवळ दाखवायला वर्तमानकाळ थोडा आणि भविष्यकाळच फार असतो.

उतरण

२०१६ च्या अखेरीस कंपनीला आपला विक्रीचा अंदाज खाली आणावा लागला. २०१७ मध्ये विक्री निम्म्याहून कमी होऊन सुमारे २९७ कोटी क्रोनरवर आली; २०१८ मध्ये ती पुन्हा जवळजवळ निम्मी होऊन सुमारे १५४ कोटींवर उतरली आणि कंपनी तोट्यात गेली. शेअरने गाठलेल्या शिखराच्या मानाने नव्वद टक्क्यांहून अधिक मोल तोवर नाहीसे झाले होते. नोकरकपात झाली. २०२२ पासून कंपनीला भांडवलासाठी पुन्हा पुन्हा भागधारकांच्या दारी जावे लागले. २०२३ साली विक्री सुमारे ७० कोटींवर आली. अखेर २०२४ मध्ये जिच्या जोरावर हे सारे वैभव उभे राहिले होते ती मोबाईलच्या सेन्सरची शाखाच गुंडाळण्याचा मार्ग कंपनीने पत्करला.

असे का व्हावे? मोबाईलची विक्री काही बंद पडली नव्हती. ठशाचा वापरही घटला नव्हता. उलट वाढला होता. कारणे तीन दिसतात, आणि तिन्ही एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात.

पहिले कारण किमतीचे. सेन्सर ही स्वतंत्रपणे विकली जाणारी वस्तू नव्हे. तिला अर्थशास्त्रात परोक्ष मागणी म्हणतात तशी मागणी असते. मागणी फोनला, आणि फोनमुळे सेन्सरला. सेन्सर महागड्या फोनात होता तोवर कारखानदार त्याला चांगली किंमत देत होते, कारण तो फोनचे आकर्षण होता. तोच सेन्सर स्वस्त फोनात गेला तेव्हा तो आकर्षण राहिला नाही, नुसता एक सुटा भाग झाला. सुट्या भागाची किंमत किती खाली दाबता येईल, एवढाच विचार मग खरेदीदार करतो. नग वाढले, पण नगामागची किंमत त्याहून वेगाने कोसळली. बोटे मोजून बाजारपेठ मोजणारे नेमके हेच विसरतात. ते आजच्या किमतीला उद्याच्या नगांनी गुणतात. परंतु नग वाढणे आणि किंमत घटणे या दोन वेगळ्या घटना नाहीत. एकाच घटनेच्या त्या दोन बाजू आहेत.

दुसरे कारण स्पर्धेचे. चीनमधील शेनझेन येथील गुडिक्स ही कंपनी याच धंद्यात उतरली आणि तिने चिनी कारखानदारांना त्यांच्या दाराशी, कमी भावात माल पुरविला. जो माल स्वतःच्या कारखान्यात बनत नाही आणि ज्याच्या आराखड्याला पर्यायी आराखडा दुसरा कोणी करू शकतो, त्या मालात मक्तेदारी फार दिवस टिकत नाही. मक्तेदारीचा नफा पाहून भाळलेल्या गुंतवणूकदारांनी तो कायमचा नफा समजला, हीच त्यांची गफलत.

तिसरे कारण तंत्राच्याच पुढच्या पावलाचे. २०१७ साली अ‍ॅपलने आयफोनच्या नव्या प्रकारात ठसा सोडून चेहरा ओळखण्याची पद्धत आणली. २०१८ च्या आरंभी काचेच्या पडद्याखालून ठसा वाचणारा चिनी फोन बाजारात आला, आणि तो सेन्सर या स्वीडिश कंपनीचा नव्हता. मोबाईलचा पडदा मोठा करायचा, त्यावर बटणाला जागा ठेवायची नाही, हा निर्णय मोबाईल कारखानदारांनी आपल्या सोयीने घेतला. त्या एका निर्णयाने वेगळ्या जागी बसविल्या जाणाऱ्या सेन्सरची पीछेहाट सुरू झाली. निर्णय घेताना गोथेनबर्गला कोणी विचारायला गेले नाही. जायचे कारणही नव्हते.

या तिन्ही कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. विक्रेत्याची मक्तेदारी असते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु खरेदीदाराचीही मक्तेदारी असू शकते, याची सैद्धांतिक मांडणी जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच केलेली आहे. त्या मांडणीचा परिचित उपयोग मजुरीच्या संदर्भात होतो : गावात एकच कारखाना असेल तर मजुराला तो देईल तो पगार घ्यावा लागतो. मूठभर मोबाईल कारखानदारांपुढे उभ्या असलेल्या लहान सेन्सर कंपनीची स्थिती याहून फारशी निराळी नसते. कागदावर ती स्वतंत्र उद्योजक, प्रत्यक्षात बड्या कंपन्यांची घरबसली कामगार. कापड गिरणीच्या अडत्यापुढे हातमागवाल्याची जी गत, साखर कारखान्याच्या फाटकाशी ऊसउत्पादकाची जी गत, तीच अखेर या अत्याधुनिक कंपनीची. सिलिकॉनच्या झगमगाटाने आर्थिक संबंधाचे स्वरूप बदलत नाही.

पुढच्या वर्षाची बाजारपेठ

मोबाईलचा धंदा उतरणीला लागला तशी कंपन्यांनी आणि गुंतवणूक-सल्लागारांनी नवी आशा पुढे केली. आता बँकांच्या कार्डावर सेन्सर बसणार! पिन नंबर लक्षात ठेवायला नको, कार्ड हरवले तरी दुसऱ्याला वापरता येणार नाही. जगात बँक कार्डे अब्जावधी आहेत. तेव्हा पुन्हा तोच गुणाकार. २०१७ साली मास्टरकार्डने दक्षिण आफ्रिकेत अशा कार्डाची चाचणी घेतली. २०१८ मध्ये सायप्रसमध्ये, २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये फ्रान्समधील काही बँकांनी ती ग्राहकांना देऊ केली. स्वीडिश कंपनीच नव्हे, नॉर्वेतील लहान कंपन्याही याच आशेवर भांडवल गोळा करीत होत्या. परंतु व्यापक मागणीचे वर्ष नेहमी पुढचेच राहिले.

याचे कारण पाहण्यासारखे आहे. कार्ड नुसते यंत्राजवळ धरून, पिन न दाबता, किती रकमेपर्यंत पैसे देता यावेत यावर मर्यादा असते. ठशाच्या कार्डाचे मुख्य आकर्षण हे की, त्याला ही मर्यादा लागू करण्याचे कारण उरत नाही. पण साथीच्या काळात काय झाले? ब्रिटनने ही मर्यादा २०२० च्या एप्रिलमध्ये ३० पौंडांवरून ४५ वर नेली आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १०० वर. भारतात रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती २,००० रुपयांवरून ५,००० केली. ज्या अडचणीवर उपाय म्हणून महाग कार्ड विकायचे ती अडचण शासकीय नियमाच्या एका ओळीने, विनाखर्च, बरीचशी दूर झाली. शिवाय लोक खिशातल्या मोबाईलनेच पैसे देऊ लागले, आणि त्या मोबाईलवर ठशाची सोय आधीपासून होतीच. म्हणजे या कंपन्यांच्या मोबाईलमधील यशानेच त्यांच्या कार्डातील भवितव्याला छेद दिला.

दुकानात बोट टेकून पैसे देण्याची कल्पना तर याहून जुनी. अमेरिकेत पे बाय टच या कंपनीने तीवर तीस कोटी डॉलरहून अधिक भांडवल उभे केले होते. २००७ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली आणि २००८ च्या मार्चमध्ये तिची ठशाने पैसे देण्याची सेवा बंद पडली. तिच्याकडे ग्राहकांचे ठसे होते. मोबाईलमधील ठसा निदान मोबाईलमध्येच राहतो, सेन्सर बनविणाऱ्या कंपनीकडे जात नाही. परंतु ठशांचा साठा करणारी कंपनी बुडाली म्हणजे त्या साठ्याचे काय, असा प्रश्न उरतो. कुलूप बदलता येते, परवलीचा शब्द बदलता येतो, बोट बदलता येत नाही. लहान कंपनीच्या बाजारपेठेविषयी शंका घेणे हा केवळ गुंतवणूकदाराच्या नफ्यातोट्याचा विषय नाही, तो येथे नागरिकाचा विषय होतो.

तिसरा खरेदीदार : सरकार

मोबाईल आणि बँका यांच्याखेरीज तिसरा मोठा खरेदीदार म्हणजे सरकार. या बाबतीत भारताइतके मोठे उदाहरण जगात दुसरे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्यानंतर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले. रेशन दुकानातील यंत्रापासून बँक मित्राच्या हातातील छोट्या उपकरणापर्यंत ठसे वाचणाऱ्या साधनांना त्यामुळे मागणी निर्माण झाली आणि ती पुरविणाऱ्या कंपन्या पुढे आल्या.

परंतु ही मागणी खुल्या बाजारातील मागणी नव्हे. ती आदेशाने येते आणि आदेशाने जाते. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बव्हंशी वैध ठरविला, पण खासगी कंपन्यांना आधारचा वापर करू देणाऱ्या ५७ व्या कलमाचा तो भाग रद्द केला. त्या कलमाच्या आधाराने ज्यांनी धंद्याचे आराखडे मांडले होते त्यांच्या पायाखालची जमीन एका दिवसात सरकली. २०१९ च्या दुरुस्तीने ती ऐच्छिक वापरापुरती काहीशी परत आली. २०२१ मध्ये निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखण्याची सोय केंद्र सरकारने सुरू केली. वृद्धांच्या दृष्टीने ती सोय चांगलीच. पण ज्या कामासाठी ठशाचे वेगळे यंत्र लागे त्यातील एक काम तेवढ्याने त्या यंत्रावाचून होऊ लागले. न्यायालयाचा निकाल आणि मंत्रालयाचे परिपत्रक यांचा अंदाज कोणत्या ताळेबंदात बांधता येतो?

आणि बोट देणाऱ्याची बाजू? ऊस तोडणारा, विटा थापणारी, सिमेंट कालवणारा, यांच्या बोटांवरील रेषा कामाने झिजतात. यंत्रावर त्यांचा अंगठा उठत नाही. ज्याला धान्याची गरज अधिक त्याचेच बोट यंत्राला वाचता येऊ नये, ही या तंत्राची विपरीत गोष्ट आहे. खासगी बाजारात न चालणारा माल गिऱ्हाईक टाळतो. रेशन दुकानातील माणसाला टाळण्याची मुभा नसते. म्हणून जेथे खुली मागणी आटते तेथे सक्तीची मागणी निर्माण करण्याकडे या उद्योगाचा ओढा राहणार, हे ओळखून असले पाहिजे. ठसा आणि सत्ता यांचे नाते जुनेच आहे. गुन्हेतपासासाठी ठशांचे वर्गीकरण करणारी संस्था १८९७ साली वसाहतीच्या राजवटीत कलकत्त्यात निघाली. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर ठशांच्या नोंदणीची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध गांधीजींनी १९०६ साली जोहान्सबर्गमध्ये आवाज उठविला आणि १९०८ साली नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. त्या लढ्याचा रोख शाईवर किंवा कागदावर नव्हता, सक्तीवर होता.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल : यात वावगे ते काय? कंपन्या येतात आणि जातात. जुने मोडून नवे घडते, यालाच शुंपीटर यांनी भांडवलशाहीचा प्राण मानले. एक कंपनी बुडाली, पण सेन्सर स्वस्त झाला आणि सामान्य माणसाच्या फोनात आला. समाजाचा फायदाच झाला ना?

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. स्वस्त सेन्सर ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या घडामोडीत जोखीम कोणी उचलली आणि लाभ कोणाला झाला, हा हिशेब केल्याशिवाय समाजाचा फायदा म्हणता येत नाही. तंत्राचा लाभ मुख्यतः बड्या मोबाईल कंपन्यांना मिळाला. त्यांना सेन्सर कवडीमोलाने मिळाला आणि तो फोनच्या किमतीत मिरविता आला. भाव शिखरावर असताना शेअर विकून जे बाहेर पडले त्यांना लाभ झाला. जोखीम राहिली ती उशिरा आलेल्या लहान बचतदारावर, कपातीत नोकरी गेलेल्या तंत्रज्ञावर, आणि पुन्हा पुन्हा नवे भांडवल घालून जुने भांडवल वाचविण्याच्या आशेत अडकलेल्या भागधारकावर. जुने मोडते हे खरे. पण मोडण्याचा खर्च कोणाच्या माथी जातो हे निसर्गनियमाने ठरत नाही. ते सौद्यातील बळाने ठरते.

शिवाय, भांडवलबाजार भांडवलाचे शहाणपणाने वाटप करतो, हा जो दावा नेहमी केला जातो त्याचे काय? २०१५ साली त्याच बाजाराने त्याच कंपनीचे मोल सोळापट केले आणि तीन वर्षांत त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पुसून टाकले. या तीन वर्षांत ठसा ओळखण्याच्या विज्ञानात असे काय उलटेपालटे झाले होते? चीनमधील कारखानदार संख्येने थोडे आहेत, सुटा भाग स्वस्त होत जातो, एकदा फोफावलेल्या धंद्यात स्पर्धक येतात, या तिन्ही गोष्टी २०१५ सालीही कोणालाही कळण्याजोग्या होत्या. त्या कळत नव्हत्या असे नाही; भाव चढत असताना त्या ऐकून घेण्यात कोणाला रस नव्हता.

शंका कशी घ्यावी

स्वीडनची ही हकिगत भारतात उपयोगी पडावी, कारण येथेही आता नवउद्योगांचे युग आले आहे असे सांगितले जाते, आणि ओळख पटविण्याचे तंत्र हा त्यातील एक मानाचा विषय आहे. अशा प्रत्येक कंपनीकडे संशयाने पाहावे असा याचा अर्थ नाही. होतकरू तंत्रज्ञांनी उभारलेल्या लहान कंपनीला उत्तेजन मिळालेच पाहिजे. परंतु तिच्या भवितव्याविषयी बोलताना बोटांची संख्या बाजूला ठेवून चार प्रश्न विचारले पाहिजेत. तिचा माल प्रत्यक्ष किती जण विकत घेतात, आणि त्यातील पहिल्या तिघांनी पाठ फिरविली तर काय उरते? नग दुप्पट झाले तेव्हा नगाची किंमत किती टिकली? ज्या अडचणीवर तिचा माल उपाय आहे ती अडचण नियमातील साध्या बदलाने नाहीशी होऊ शकते काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : मागणी लोकांच्या इच्छेतून आली आहे की सक्तीतून?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर नुकसान गुंतवणूकदाराचे होईल; म्हणून कामगारांची भविष्यनिर्वाहाची पुंजी आणि सार्वजनिक बँकांचा पैसा अशा आश्वासनांवर लावला जाऊ नये. चौथ्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर नुकसान त्याहून मोठे आहे. सरकारने ठशाचे यंत्र खरेदी करायचे तर ते उघड निविदेने, सर्वांना खुल्या असलेल्या प्रमाणांवर करावे. यंत्राने नाकारले तरी माणसाला त्याचे धान्य, पेन्शन आणि मजुरी त्याच दिवशी मिळण्याची पर्यायी रीत कायद्याने बंधनकारक असावी. आणि कंपनी बंद पडली तर तिच्याकडील नोंदींचे काय व्हायचे हे करार करतानाच ठरलेले असावे. या अटी घातल्या तर बाजारपेठ लहान होईल, अशी तक्रार कंपन्या करतील. तशी ती झाली तर होऊ द्यावी. लोकांची अडवणूक करून मोठी झालेली बाजारपेठ ही उद्योगाची भरभराट नव्हे, आणि तिच्या आधारावर केलेले भाकीत फार दिवस खरे ठरत नाही, हे गोथेनबर्गच्या कंपनीच्या हकिगतीपेक्षाही आपल्याकडील रेशनच्या रांगेत अधिक स्पष्ट दिसते.